मार्गशीर्षातला मॉनिटर

पुण्याचे साहेब चार वाजता येणार होते, आणि योगेशच्या कॉम्प्युटरचं पोट सकाळपासून उघडं पडलं होतं.

साहेबांची गेम बनवणारी छोटी कंपनी होती. नगरला लग्नाला येणार, तेव्हा भिंगारला डोकावून योगेशने घरी बसून बनवलेला, भिंगारच्याच रस्त्यांवरचा मोटारशर्यतीचा गेम बघणार, आवडला तर नोकरी, असं फोनवर ठरलं होतं. अडचण एवढीच, की तो गेम योगेशच्याच जुन्या मशीनला पेलत नव्हता. मोटार वळणावर आली की चित्र अडखळायचं, आणि मॉनिटरवर सगळं जग गुलाबी दिसायचं. म्हणून त्याचा मित्र हर्षल पुण्याहून नवं ग्राफिक्स कार्ड आणि सतरा इंची मॉनिटर घेऊन आला होता. मॉनिटर एवढा जड, की तो शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला तेव्हा टेबल कुरकुरलं.

योगेशची बायको जयमाला पहाटेपासून निर्जळी होती. मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडून, रेशमी साडी नेसून तिनं महालक्ष्मीची पूजा केली. पण काय मागावं तेच तिला सुचेना. योगेश म्हणाला होता, "नोकरी लागली की आधी मी मित्रांच्या खोलीवर राहीन. वर्षभरात तुला नेतो." त्यांचं लग्न यंदाच्याच वैशाखातलं. वर्षभर हा शब्द काही केल्या तिच्या मनातून जाईना. नोकरी मिळू दे म्हणावं तर जीभ रेटेना, मिळू देऊ नको असं देवीसमोर मनातही आणवेना. तिनं नुसतेच हात जोडले आणि उठली.

बाहेर हर्षलने जुनं कार्ड उपसून काढलं होतं. नवं पिशवीतून काढणार, तेवढ्यात योगेशची आई, रतनबाई, दारात उभ्या राहिल्या.

"थांब रे. तसंच घालतो व्हय?"

"मग कसं घालू, मावशी?"

"ह्यांनी वर्कशॉपात हयातभर गाड्या खोलल्या. नवा पार्ट बसवायच्या आधी हळदकुंकू लावल्याबिगर हात लावला न्हाई. जयमाला, तू सोवळ्यातच हायेस. ये, लाव."

"आई, हा काय ट्रक आहे का?" योगेश म्हणाला.

"ट्रक परवडला. ट्रक रुसला तर ढकलता तरी येतो."

हर्षल हसला. "लावा वहिनी, पण पत्र्यावर. आत नको, आणि पाणी तर अजिबात नको."

जयमालाने करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं आणि पत्र्याला टेकवलं. चट् आवाज झाला. बोटाला झिणझिणी आली तसा तिनं हात मागे घेतला. तेवढ्यात मागून रतनबाईंनी लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता टाकल्या. काही पत्र्यावर, काही आत, काही फरशीवर. हर्षलने कपाळाला हात लावला, ब्रशने दिसतील तेवढे लाल दाणे झटकले आणि नवं कार्ड बसवलं.

बटण दाबलं. मशीन एकदा लांब केकाटलं, मग तुटक तुटक. मॉनिटरचा पडदा काळाच. खाली केशरी दिवा तेवढा मिचकावत राहिला.

त्यांनी कार्ड काढून पुन्हा बसवलं. मग जुनं कार्ड परत घातलं. तरी तेच केकाटणं, तेच मिचकावणं. कार्डासाठी त्या मशीनला खाच एकच. हर्षलने उतरल्या चेहऱ्याने तेही काढून ठेवलं.

"दोन्ही कार्डं कशी जातील? मदरबोर्ड गेला असेल." मग तो म्हणाला, "मघाशी ठिणगी उडाली ना. थंडीत रेशमी कापडाला करंट धरतो."

योगेशने जयमालाकडे पाहिलं आणि नजर वळवली. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"मीच लावायला सांगितलं," रतनबाई म्हणाल्या. "तिला बघू नको. मला बघ."

तीन वाजले. योगेश चप्पल शोधायला लागला. एक सापडली, दुसरी पायातच होती. "लग्नाच्या कार्यालयात फोन करून सांगतो, येऊ नका म्हणून. काय दाखवणार त्यांना, केशरी दिवा?"

तो आणि हर्षल बाजारातल्या एसटीडी बूथकडे निघाले. रतनबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

जयमालाला बसवेना. पूजेच्या अक्षतांवर पाय पडू नये, त्या केरातही जाऊ नयेत. म्हणून ती वाकून फरशीवरचे दाणे वेचायला लागली. एकेक दाणा तळहातावर घेत ती मशीनपर्यंत आली. कार्डं दोन्ही बाहेरच होती. खिडकीतून उन्हाची तिरीप आत पडली होती, आणि तपकिरी खाचेच्या टोकाला, तपकिरीतच मिसळून, काहीतरी लाल दिसत होतं.

अक्षत होती. प्रत्येक वेळी कार्ड तिच्यावरच टेकलं होतं. खालपर्यंत गेलंच नव्हतं.

ती बघत राहिली. आत रतनबाई कूस बदलत होत्या. आता काही केलं नाही, तर साहेब येणार नाहीत. योगेश चार दिवस चिडेल, मग इथंच राहील. दाणा कुणाला दिसला नव्हता. कुणाला दिसणारही नव्हता. तिच्या हातातले दाणे घामाने ओले व्हायला लागले. घटापुढची समई तिथून दिसत होती. तिकडे तिनं पाहिलं नाही.

मग हातातले दाणे पदराच्या टोकाला बांधून तिनं मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली, श्वास रोखून धरला, आणि दाणा हळूच उचकटून काढला.

बूथ कोपऱ्यावर. रेशमी साडीत ती बाजारातून कधी अशी चालली नव्हती. चालता चालता पळायला लागली. लग्न झाल्यापासून तिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. काचेआड योगेशच्या कानाला फोन होता.

"अहो!"

पानवाल्याने मान वर केली. योगेशने ऐकलं नाही.

"अहो, ठेवा तो फोन!"

त्याने रिसीव्हर कानापासून लांब धरला. त्यात अजून नुसती रिंगच वाजत होती. "काय झालं? आई बरी आहे ना?"

तिनं मूठ उघडली. "हा खाचेत होता."

हर्षलने दाणा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि तिथूनच पळत सुटला.

कार्ड या वेळी खटकन खाली बसलं. केशरी दिवा हिरवा झाला, आणि सतरा इंची पडद्यावर भिंगारचा रस्ता उजळला. आभाळ निळं, गुलाबी नाही. मोटार वेशीच्या वळणावरून न अडखळता गुळगुळीत निघून गेली. साहेब सव्वाचारला आले, दोन चहा प्याले, स्वतः खेळले, हरले, आणि उठताना म्हणाले, "एक तारखेला या."

संध्याकाळी देवीला नैवेद्य दाखवून जयमालाने ताट वाढलं. योगेश भिंतीला टेकून बसला होता, आनंद झाला तरी मघाशी तिलाच दोषी धरलं म्हणून ओशाळून, तिच्याकडे न बघता.

"एक बोलू?" ती म्हणाली.

"बोल की."

"वर्षभर नाही. मी तुमच्याबरोबर एक तारखेलाच येणार. खोली लहान असली तरी चालेल."

योगेशने आईकडे पाहिलं.

"मला काय बघतो? आज भर बाजारात 'अहो' करून आली ती. न्हाई म्हणालास तर उद्या पुण्यात येऊन ओरडंल," रतनबाई म्हणाल्या, आणि जयमालाच्या ताटात भाताची मूद वाढली. "घे. सकाळपासून पोटात पाणी न्हाई तुझ्या."