गाव कुणी नेलं

ताईने चपला हातात घेतल्या आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातून ती सरळ चालू लागली. मागून धाकटा भाऊ विजार गुडघ्यापर्यंत दुमडत येत होता. जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणत. ताईला मात्र तो अजून बाळ्याच होता. आता मास्तर या किनारपट्टीचा इतिहास लिहीत होते. खाडी, बंदर, मिठागरं, सगळं लिहून झालं होतं. उरलं होतं ते फक्त त्यांचं स्वतःचं गाव. म्हणून इतक्या वर्षांनी ते बहिणीकडे आले होते.

"ताई, जपून. पडशील."

"तू तुझं बघ. शहरातले पाय तुझे."

शेवाळलेल्या दगडांच्या ओळीपाशी ती थांबली.

"ही शाळेची पायरी. इथेच पाटी फोडून रडत बसला होतास."

"पाटी तू फोडलीस!"

"बरं, मी फोडली. भोकाड तर तूच पसरलंस ना?"

दोघंही हसले. मग ती बोटाने दाखवत गेली: तिकडे सुताराचं घर, पलीकडे जाळी वाळत घालायची जागा, आणि आता बगळा उभा होता तिथे त्यांचं स्वयंपाकघर. मास्तर बराच वेळ त्या बगळ्याकडे पाहत राहिले.

"सुरुवात अशी केलीय," ते म्हणाले. "समुद्राने एका रात्रीत गाव गिळलं."

ताई पायाच्या अंगठ्याने दगडावरचं शेवाळ खरवडत राहिली.

"पाणी आलं तेव्हा इथे कुणी नव्हतंच रे. बंदर बंद पडलं, सुतार गेला, शाळा बंद झाली. आई गेल्यावर मीही कुलूप लावलं. समुद्र त्यानंतर आला."

"पण तू तर मला सांगितलंस, घर समुद्राने नेलं म्हणून."

"मग काय सांगणार होते? एकटा होतास तिकडे. उगीच जिवाला लावून घेतलं असतंस."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"ताई, गावातून सगळ्यात आधी कोण गेलं?"

ताईने समुद्राकडे मान वळवली. दूरवर पाण्याची कड चमकायला लागली होती.

"भरती लागली बघ. चल."

मास्तर पायरीवर बसले. ताईने एकदा पाण्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली टेकली.

"सरक जरा तिकडे," ती म्हणाली.