खिळ्यावरची रॅकेट आणि घरात शिरलेलं वटवाघूळ

मित्रांनो, मी दाराआडच्या खिळ्याला लटकलेली एक जुनी रॅकेट आहे. बॅडमिंटनची. माझ्या दोन तारा तुटल्या आहेत आणि मुठीवरची पट्टी सुटत चालली आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. मला खुपतो तो फळीवरचा आइस्क्रीमचा डबा.

एका लहानशा कारखान्यात माझं लाकूड वाफेवर वाकवलं, तारा ताणून विणल्या आणि मला दुकानात पाठवलं. तिथून मला आत्याने आणलं. तेव्हा ती कुणाचीच आत्या नव्हती, दोन वेण्यांची शाळकरी पोर होती. शाळेचा चषक आम्ही दोघींनी मिळून जिंकला. चषक कपाटात गेला, त्याला अजून फडका मिळतो. मी गेले खिळ्यावर. मग गादी झोडपायची, कपाटाखालचा चेंडू ओढायचा, झुरळ चिरडायचं, एवढंच नशिबी आलं. काहीही मारायचं असलं की या घरात एकच हाक, रॅकेट आण!

आणि तो डबा! गेल्या उन्हाळ्यात आला. आतलं आइस्क्रीम चाटूनपुसून संपलं, तरी तो फेकला नाही. किती छान झाकण आहे म्हणत धुतला, पुसला, बटणं भरून पुढेच मांडला. काल आला नि घरजावई झाला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एकदा दिवेलागणीला खिडकीतून वटवाघूळ आत शिरलं. आत्याची धाकटी भाची किंचाळली. वर पंखा गरगरत होता आणि ते बिचारं जीव मुठीत घेऊन खोलीभर घिरट्या घालत होतं. धाकटीच्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या दादाने, सवयीने मला उचललं. काय सांगू मित्रांनो! उडतं काही टोलवायला कितीतरी वर्षांनी कुणी माझी मूठ आवळली होती. आता बघ म्हणावं डब्याला, असं मला झालं.

"दादा, रॅकेट खाली ठेव," आत्या म्हणाली.

ती काम करते त्या ग्रंथालयात दरवर्षी एखादं वटवाघूळ शिरतंच, त्यामुळे ती गडबडली नाही. तिने पंखा बंद केला, धाकटीला बाहेर पाठवून आतलं दार लावलं आणि दिवा मालवला. मोठ्या खिडकीची वरची कडी गंजली होती, ती माझ्या मुठीने ठोकून उघडली आणि मला खुर्चीवर टाकलं. झालं माझं काम! मग दोघं भिंतीला टेकून, ते बाहेर जायची वाट बघत उभी राहिली. एका फटक्यात मामला खलास झाला असता, असं दादा पुटपुटला. मलाही तेच वाटत होतं.

वटवाघूळ बाहेर गेलं नाही. दमून पडद्याला चिकटलं. तेव्हा आत्याने काय मागितलं असेल? डबा! बटणं ओतून दादाने तो आणला. चामड्याचे जाड हातमोजे घालून आत्याने डबा वटवाघळावर हलकेच पालथा धरला आणि खालून पुठ्ठा सरकवला. दाराबाहेरच्या धाकटीला तिने बजावलं, याला उघड्या हाताने कधी शिवायचं नाही. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबणाने खूप वेळ धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. कुणाला लागलं नाही ना, हे तिने दोनदा विचारून घेतलं.

जमिनीवरून वटवाघळाला सहज उडता येत नाही, म्हणून तिने डबा झाडाच्या खोडाला उंच टेकवला. ते सरसर वर चढलं आणि उडालं. मग काय, डब्याचं कौतुक! धाकटीने त्याच्यावर वटवाघळाचं चित्रसुद्धा चिकटवलं. माझ्या पोटात असं दुखलं म्हणता!

दादाने मला खुर्चीवरून उचललं आणि हसत म्हणाला, आता ही टाकून द्यायला हरकत नाही. आत्याने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. तुटलेल्या तारांवरून बोट फिरवलं.

"मी हिला खेळायला आणलं होतं, दादा. मारायला तुम्ही लावलंत."

उद्या ती मला तारा बसवायला नेणार आहे.

म्हणून सांगते मित्रांनो, घरात वटवाघूळ आलं तर माझ्याकडे धावू नका. मोठ्या माणसाला हाक मारा, पंखा थांबवा, खिडकी उघडा. आणि सांगताना जीव जळतो, पण डबाच आणा. मला मात्र एखाद्या संध्याकाळी अंगणात न्या. फळीवरून त्यालाही दिसू द्या, मी कशासाठी जन्मले ते.