गुंतलेली सुरमई

"विश्वात कुणीच सुटं नाही!" १९८३ साली रत्नागिरीच्या कॉलेजात प्राध्यापक खातूंनी गर्जना केली. "कण एकदा गुंतले की कितीही असोत, कितीही लांब असोत, उत्तरं जुळवूनच देतात." पहिल्या बाकावरच्या तिघांनी एकदम जांभई दिली.

संध्याकाळी जावयासाठी सुरमई घ्यायला ते बाजारात फिरले, तर चार कोपऱ्यांतल्या चौघी मासेवाल्यांचा चढा भाव तंतोतंत एकच! ह्या नक्की गुंतल्यात, खातूंचा संशय बळावला. शेवटच्या शकूला त्यांनी हटकलंच, "एकमेकींशी बोलत नाही, मग भाव एकच कसा गो?"

"पहिल्या कोपऱ्यातल्या हिराचा भाव तुम्हीच सगळीकडे ओरडत आलात, मास्तर. आम्ही तोच धरला," शकू म्हणाली. "आणि तुमची चौकशी होईपर्यंत सुरमई संपली. आता ही उरलेल्या बांगड्यांची पाटी डोक्यावर चढवायला जरा हात लावा."