शहाण्णव ठोक्यांचे मिनिट

दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या माणसांची रांग पायरी उतरून रस्त्यावर आली होती, आणि ज्यांना आत जागा मिळाली ते स्वतःला भाग्यवान समजत एका पडद्याकडे टक लावून पाहत होते. पडद्यावर तांबड्या, वीतभर अंकांत लिहिले होते : सहा पूर्णांक नऊ गिगाहर्ट्झ. त्याखाली सेकंद मोजणारा आकडा संथपणे पुढे सरकत होता.

दुकानाच्या मालकाला सगळे ‘गिगागुरू’ म्हणत. नव्याने आलेला प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, कारखान्याने नेमून दिलेल्या मर्यादेच्या पलीकडे पळवणे, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, ही त्यांची ख्याती. ते प्रोसेसर तळहातावर घेत, डोळे मिटत आणि क्षणभराने काही बाजूला सारत. ‘ही चिप नाही. ही आळशी आहे.’ मग एखादी चिप हाताला लागताच त्यांचा चेहरा उजळे.

“चिप कारखान्यात जन्मते, मंडळी, पण झोपेत जन्मते,” ते सांगत. “तिला जागं करावं लागतं. ते पुस्तकात नसतं, हातात असतं.”

या गर्दीत पुढच्याच खुर्चीवर एक निवृत्त विज्ञानशिक्षक बसले होते. तीस वर्षे वर्गात ‘पुरावा काय?’ हा एकच प्रश्न विचारल्यामुळे त्यांचे नाव ‘पुरावे सर’ पडले होते. अंगात येणाऱ्यांचे घुमणे आणि हवेतून निघणारी राख त्यांनी भर सभेत उघडी पाडली होती. ते आले होते पुतणीसाठी. तिच्या कार्यशाळेत चार संगणक होते. अद्याप न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रे ती त्यांवर तयार करी. नवा प्रोसेसर घ्यायचा, तर जुन्या यंत्रांतील मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, आणि मेमरीही बदलावी लागणार, म्हणजे चारही यंत्रे आतून रिकामी होणार. वर्षभराची मेहनत एका निर्णयावर टांगलेली. “काका, मला आकड्यांची भीती वाटते असं नाही,” ती म्हणाली होती, “पण तुम्ही हो म्हणालात तर मी डोळे मिटून घेईन.”

सर बरोबर पत्नीलाही घेऊन आले होते. त्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत.

गिगागुरूंनी सरांना ओळखले आणि हात जोडले. आज खरी परीक्षा आहे, असे त्यांनी गर्दीला सांगितले; शंका घेण्यात ज्यांचा हात कोणी धरणार नाही, तेच आज बटण दाबतील. सरांचा ऊर भरून आला. निवृत्तीनंतर इतक्या लोकांसमोर त्यांना कोणी उभे केले नव्हते. त्यांनी बटण दाबले. पुतणीने दिलेले चित्र तिच्या यंत्रावर सहासष्ट सेकंदांत पूर्ण होत असे. येथे आकडा पंचेचाळीसवर थांबला. टाळ्या कडाडल्या. सरांनी मान डोलावली आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “डोळ्यांनी पाहिलं. मान्य.”

टाळ्या ओसरल्यावरही सेकंदांचा आकडा पडद्यावर नव्याने धावतच होता. तेव्हा मागून सिस्टरबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला. दोन बोटे स्वतःच्या मनगटावर होती.

“अहो, त्या पडद्यावरचं मिनिट लांब आहे.”

आजूबाजूच्या चार माना वळल्या. सर नुकतेच टाळ्यांतून खाली उतरत होते. ते हसले आणि मोठ्याने म्हणाले, “अगं, इथे कुणाला ताप आलेला नाही. तुझं ते राहू दे.”

दुकान हसले. गिगागुरू सर्वांत मोठ्याने हसले. सिस्टरबाईंनी मनगटावरची बोटे काढली आणि पदराखाली हात झाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीचा फोन आला. तिने नोंदणी केली होती आणि दुकानाची माणसे दुपारी येऊन जुनी यंत्रे खोलणार होती. तिचा स्वर आनंदी होता. सरांनी ‘छान’ म्हटले, पण फोन ठेवल्यावर त्यांना चैन पडेना. समोर शेजारीण बसली होती, दोन दिवस चक्कर येते म्हणून. सिस्टरबाईंनी तिचे मनगट धरले, घड्याळ न बघता खिडकीबाहेर पाहत ठोके मोजले, आणि थोड्या वेळाने सांगितले : अठ्ठ्याऐंशी. मग भिंतीवरच्या घड्याळाशी पुन्हा मोजले. अठ्ठ्याऐंशी.

शेजारीण गेल्यावर सरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. शेवटी त्यांनी विचारले, “काल किती मोजले होतेस?”

“शहाण्णव.”

“गर्दी होती. उकाडा होता. नाडी वाढली असेल.”

“मलाही तसंच वाटलं,” त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “म्हणून लगेच माझ्या घड्याळावर मोजली. बहात्तर. मग पुन्हा पडद्यावर मोजली. शहाण्णव. मग तुम्हाला सांगितलं.”

दोनदा मोजणे, शंका स्वतःवर घेणे, मापन दुसऱ्या साधनाने पडताळणे : जे सर तीस वर्षे फळ्यावर लिहीत आले, ते सारे त्यांच्या मागच्या खुर्चीवर मुकाट्याने पार पडले होते. आणि त्यांनी स्वतः काय केले होते? मनगटावर घड्याळ असताना त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. दोलकाची आंदोलने नाडीवर मोजणाऱ्या माणसाची गोष्ट ते दरवर्षी नव्या वर्गाला रंगवून सांगत. आणि प्रत्यक्ष कोणी नाडीवर मोजले, तेव्हा त्यांनी गर्दीला हसवले. त्यांचे कान तापले. त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर बहात्तरला शहाण्णवने भागले. तीन चतुर्थांश. पंचेचाळीस सेकंद म्हणजे खरे साठ.

“चल,” ते उठून म्हणाले. मग दारापाशी थांबून त्यांनी शब्द बदलले. “येशील का?”

त्यांनी पुतणीला यंत्रांना हात लावू देऊ नकोस म्हणून कळवले आणि दुकानात बोलावले. गर्दी कालच्याहून दाट होती. सरांना पुन्हा बटण दाबायचे आहे, हे ऐकून गिगागुरूंनी आनंदाने वाट करून दिली. या वेळी सरांनी आपले घड्याळ काढून पुढे बसलेल्या एका मुलीच्या हाती दिले आणि मोठ्याने मोजायला सांगितले. चित्र पूर्ण झाले. पडद्यावर पंचेचाळीस. मुलगी म्हणाली, “साठ.” तिने घड्याळ कानाला लावून पाहिले. “चालू आहे, सर.”

कुजबुज उठली. गिगागुरू डगमगले नाहीत. इतक्या वेगाच्या सान्निध्यात वेळ आकुंचन पावते, असे त्यांनी गंभीरपणे समजावले. हे उच्च विज्ञान आहे, साध्या घड्याळाला ते पेलत नाही.

“आकुंचन फक्त पडद्याला कळतं, आम्हाला नाही कळत?” मागून कोणी तरी म्हणाले, आणि आज दुकान वेगळ्याच बाजूने हसले.

पुतणी पुढे झाली. तिने कीबोर्ड ओढून चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. त्यात ‘सहायक’ नावाचा एक नगण्य प्रोग्राम होता. तिने तो बंद केला. त्याच क्षणी सेकंदांचा आकडा तरातरा चालू लागला आणि तांबडे सहा पूर्णांक नऊ घसरून पाच पूर्णांक दोनवर आले. तिने लोकांना उलगडून सांगितले की प्रोसेसर काही जागा झालेला नव्हता. यंत्रातले घड्याळच गुंगीत होते. संगणक आपला वेग आपल्याच सेकंदात मोजतो. सेकंद एक-तृतीयांशाने लांबवला, की काम लवकर उरकल्यासारखे दिसते आणि वेगाचा आकडाही आपोआप फुगतो. तिच्या जुन्या यंत्राला सहासष्ट सेकंद लागत, या चमत्काराला साठ. कारखान्यानेच हे प्रोसेसर जवळजवळ दमाच्या टोकापर्यंत पळवलेले असतात. वर रेटायला उरते ते फारच थोडे, आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

तो प्रोग्राम कोणी टाकला याची आपल्याला कल्पना नाही, असे गिगागुरू म्हणाले. कोणी वाद घातला नाही. लोक सरांभोवती जमले. “मग सर, घ्यावा की नाही? तुम्हीच सांगा.”

सरांना तो प्रश्न चाबकासारखा लागला.

“मला विचारू नका,” ते म्हणाले. “काल मी ‘मान्य’ म्हणालो, म्हणून तुमच्यातल्या किती जणांनी नाव नोंदवलं असेल. मी काही तपासलं नव्हतं. मला टाळ्या आवडल्या होत्या. तपासलं होतं ते यांनी,” आणि त्यांनी पत्नीकडे हात केला, “आणि मी यांचं म्हणणं तुमच्यासमोर हसण्यावारी नेलं. मी चुकलो. तुमचं रोजचं काम घ्या, तेच काम नव्या यंत्रावर लावा, आणि यंत्राबाहेरच्या घड्याळावर मोजा. दोनदा मोजा. जितका वेळ खरोखर वाचेल, तो तुम्हाला हवा असेल तर घ्या. नसेल तर जुनं चालू द्या. मी सांगतो म्हणून घेऊ नका, आणि हेसुद्धा मी सांगतो म्हणून मानू नका.”

पुतणीने नोंदणी रद्द केली. सहा सेकंदांसाठी चार चालती यंत्रे उघडायची नाहीत, असे तिने तेथल्या तेथे ठरवले, आणि काकांचा नव्हे, काकूंचा हात हातात घेऊन निरोप घेतला.

घरी परतताना चौकात वाहने थांबेपर्यंत उभे असताना सर म्हणाले, “आज सगळ्यांसमोर कबूल केलं.”

“ऐकलं मी,” सिस्टरबाई म्हणाल्या. “कालचं एक वाक्य फिटलं. घरात चाळीस वर्षं ‘तुझं ते राहू दे’ म्हणत आलात, त्यातलं काय काय खरं होतं, ते कधी मोजायचं?”

रस्ता मोकळा झाला. त्या पलीकडे निघाल्या. सर त्यांच्यामागून चालू लागले. आणि पुढे आपणच असायला हवे, असे त्यांना आयुष्यात प्रथमच वाटले नाही.