ज्याला जमेल त्याने यावं

लाल पाकिटातली अर्धा किलो कॉफी. न फोडलेली.

खाटकाच्या दुकानात वजनकाट्याच्या वर एक फोटो. खिळा जुना, फोटो नवा.

लक्झेंबर्ग, स्लोव्हाकिया, सायप्रस, पोर्तुगाल, मग फिनलंड. अकरा वर्षं, पाच देश, आणि प्रत्येक देशात पलंग आखूड.

क्लबच्या दारावर चिकटवलेला कागद: शनिवारी सकाळी नऊला तळ्याकाठच्या सॉनासाठी लाकडं फोडायची आहेत. ज्याला जमेल त्याने यावं. सूप मिळेल.

अस्तर फाटलेले लोकरी हातमोजे.

हे सगळं सेड्रिक बोटराइटचं. म्हणजे जानेवारीपर्यंत होतं.

सेड्रिक बास्केटबॉल खेळाडू, अमेरिकेत मिसिसिपीतल्या मेरिडियनचा. वय पस्तीस, उंची सहा फूट पाच इंच. फिनलंडमधल्या हापाकोस्की गावात त्याचा हा चौथा हिवाळा. पहिली तीन वर्षं गावातला अमेरिकन म्हणजे सेड्रिक, दुसरा कोणी नाही. जानेवारीत त्याचा गुडघा सुजला, म्हणून क्लबने आठ आठवड्यांसाठी डॉन्ट्रेल वेबला आणलं. वय चोवीस, गाव टोलीडो, गुडघे दोन्ही शाबूत. सेड्रिकची सूज तीन आठवड्यांत उतरली. डॉन्ट्रेल गेला नाही. उलट हंगाम संपेपर्यंत त्याला ठेवायचं ठरलं.

पुढच्या हंगामाला मात्र क्लबला एकच अमेरिकन परवडणार होता. हे मॅनेजर तूलिक्कीने दोघांना एकाच टेबलाशी बसवून सांगितलं. "कोण, ते एप्रिलमध्ये कळवू," ती म्हणाली आणि बिस्किटांची बशी बरोबर मध्ये सरकवली.

आता कॉफीचं. घरच्या मैदानावर सामना झाला की आपल्या संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला वाण्याकडून कॉफीचं पाकीट. सेड्रिक कॉफी पीत नाही. पाकिटं त्याने कपाटावर रचून ठेवली होती, एकेचाळीस. बेचाळिसावं डॉन्ट्रेलला मिळालं. त्रेचाळिसावंही. त्यानंतर सेड्रिकने मोजणं सोडलं. म्हणजे सोडलं असं तो स्वतःला सांगायचा; नऊ झाली होती.

पॉइंट्सचं त्याला एवढं नव्हतं. पोरगा उडी चांगली मारायचा, मारू दे. डोळ्यात खुपायचं ते वेगळंच.

सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, कसं बसायचं हे शिकायला सेड्रिकला पूर्ण एक हिवाळा लागला होता. खालच्या बाकावर, गप्प, कोणी "वर ये" म्हणेपर्यंत. डॉन्ट्रेल पहिल्याच दिवशी तडक वरच्या बाकावर चढला, पाण्याची अख्खी बादली तापलेल्या दगडांवर ओतली, आणि वाफेचा चटका बसल्यावर असा कोकलला की सत्तरीचे तीन म्हातारे हसता हसता बाहेर बर्फात जाऊन बसले.

दुकानातल्या मुलीशी सेड्रिक चार वर्षं शुद्ध फिनिश बोलत होता. ती फक्त "पिशवी हवी?" एवढं विचारायची. डॉन्ट्रेलला एकच शब्द येत होता, धन्यवाद, तोही दर वेळी चुकायचा. ती गल्ल्यामागून बाहेर येऊन त्याला उच्चार शिकवायची.

आणि फोटो.

"नेहमीचं?" खाटकाने विचारलं.

"नेहमीचं." सेड्रिक काट्याच्या वर बघत होता. डॉन्ट्रेल तिथून दात काढून हसत होता.

"तुझा आत आहे," खाटीक सॉसेज गुंडाळत म्हणाला. "गारठ्याच्या खोलीत."

"गारठ्याच्या?"

"रंग टिकतो तिथे."

तो चेष्टा करत होता की खरंच सांगत होता, हे चार वर्षांनंतरही सेड्रिकला ओळखता आलं नाही. घरी जाऊन त्याने सॉसेज खाल्लं नाही.

गुरुवारी सरावानंतर डॉन्ट्रेल दारावरच्या कागदापाशी उभा राहिला. "दादा, हे काय लिहिलंय?"

सेड्रिकने वाचून दाखवलं. शब्दाला शब्द.

"म्हणजे जायलाच पाहिजे?"

"ज्याला जमेल त्याने."

"तू जाणार?"

"मला सवय आहे."

"शुक्रवारी मॅच, शनिवारी लाकडं." डॉन्ट्रेलने पोटरी दाबली. "लोक वेडे आहेत का रे इथले?"

"तू झोप," सेड्रिक म्हणाला. "पाय जड झाले तर मंगळवारच्या मॅचला काय करशील?"

"तूच खरा, दादा." आणि पोराने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

एकही शब्द खोटा नव्हता. सायकलवरून घरी जाताना सेड्रिकने तो संवाद मनात दोनदा तपासला. एकही नाही.

पण इथे चार वर्षं काढलेला माणूस जाणतो की या गावात "ज्याला जमेल त्याने" म्हणजे सगळ्यांनी. हुकूम कोणी करत नाही. हजेरी कोणी घेत नाही. आला नाहीस तर कोणी काही बोलतही नाही, आणि ते न बोलणं पुढची दोन वर्षं चालतं.

शनिवारी सगळे आले. खेळाडू, क्लबमधल्या लहान मुलांचे आईबाप, खाटीक, दुकानातली मुलगी, वाकून चालणारा वेइक्को, जो एके काळी संघाचा कर्णधार होता. तळं अजून गोठलेलं होतं. बर्चचे ओंडके करवतीखालून येत, सेड्रिक कुऱ्हाडीच्या एकेका घावात ते उभे चिरत होता. हात छान चालत होता. बऱ्याच दिवसांनी लोक त्याच्याकडे बघत होते. दर थोड्या वेळाने तो रस्त्याकडे बघायचा. रस्ता रिकामा होता, आणि त्याला आतून गुदगुल्या होत होत्या.

साडेअकराला तूलिक्कीने वाटाण्याच्या सूपचं पातेलं उघडलं. वाडगे तेवीस. बावीस उचलले गेले. एक उपडा राहिला.

"आजारी आहे का तो?" वेइक्कोने विचारलं.

"नाही," सेड्रिक म्हणाला.

"असं," वेइक्को म्हणाला आणि सूपात मोहरीचं वाटण ढवळत राहिला.

झालं, सेड्रिकला वाटलं. मुलगी उपड्या वाडग्याकडे बघत होती. खाटीकही. आता तो फोटो उतरणार. त्याने दुसऱ्यांदा सूप घेतलं.

पातेलं घासताना तूलिक्कीने त्याला हाक मारली. "कागद त्याला कोणी वाचून दाखवला?"

"मी."

"काय सांगितलंस?"

"जे लिहिलंय ते. ज्याला जमेल त्याने यावं."

"बस, एवढंच?"

"लिहिलंय एवढंच, तूलिक्की."

ती घासणी पिळत राहिली. "पहिल्या वर्षी तू पण आला नव्हतास. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. आठवतंय?"

"झोपलो होतो. मला काय माहीत."

"नव्हतंच माहीत. मग कोण आलं तुला उठवायला?"

सेड्रिकने बोट केलं नाही, पण बघितलं. वेइक्को लाकडं रचत होता, एकेक, साल वरच्या बाजूला ठेवून.

"आम्ही त्याची वाट बघत नव्हतो," तूलिक्की म्हणाली. "तू केव्हा त्याला आणायला निघतोस, ते बघत होतो. नऊपासून."

सकाळपासून त्याच्याकडे बघणारी माणसं त्याला आता आठवली. ती त्याच्या कुऱ्हाडीकडे बघतच नव्हती.

तिने उपडा वाडगा सुलटा केला, सूप डब्यात भरलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

डॉन्ट्रेलने दार उघडलं तेव्हा तो अर्धवट झोपेत होता. मागे खिडकीत लाल पाकिटं रचलेली, नऊ. "दादा, तुझं ऐकलं ते बरं केलं. दगडासारखा झोपलो."

"बूट घाल," सेड्रिक म्हणाला.

"का?"

"सगळे आलेत. सगळे येतातच. मला माहीत होतं."

डॉन्ट्रेल त्याच्याकडे बघत राहिला. डब्याकडे बघितलं, परत त्याच्याकडे. मग बूट शोधू लागला. या गावात येऊन पोरगा पहिल्यांदाच गप्प बसला होता, आणि सेड्रिकला वाटलं, हेही याला किती लवकर जमलं.

दोनपर्यंत डॉन्ट्रेलने लाकडांचा एक ढीग रचला. वाकडा. तो पूर्णच्या पूर्ण त्याच्या पायांवर कोसळला आणि तळ्याकाठी हशा पिकला. वेइक्को तर हसू आवरेना म्हणून करवतीच्या टेबलाला धरून उभा राहिला. मग चौघांनी मिळून तो ढीग परत लावून दिला. सेड्रिकचा ढीग शेजारीच होता, ओळंब्याने मापावा इतका सरळ. तिकडे कोणी बघितलं नाही. त्याला ते दिसलं, आणि सगळं कळूनसुद्धा पोटात दुखायचं ते दुखलंच.

एप्रिलमध्ये करार डॉन्ट्रेलला मिळाला. तूलिक्कीने सेड्रिकला घरी बोलावून स्वतः सांगितलं आणि कारण सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. जाताना तो एकेचाळीस पाकिटं क्लबच्या स्वयंपाकघरात ठेवून गेला. फोटोबद्दल खाटकाला विचारावं असं दोनदा मनात आलं. विचारलं नाही.

पहिल्या वर्षी वेइक्को त्याला उठवायला आला तेव्हा बाहेर उणे एकवीस होतं आणि येताना त्याने लोकरी हातमोज्यांचे दोन जोड आणले होते, त्यातला एक सेड्रिकसाठी.