सोवळ्यातला चार्जर

व्यवस्थापकमहाशय, खोटं बोलताय तुम्ही. "बॅटरीच खराब निघाली," असं अख्ख्या रामघाटाला सांगत फिरलात. ती बॅटरी मी.

मित्रांनो, मी लिथियमची. इथल्या एका वेदपाठशाळेच्या स्वयंपाकघरातल्या दिव्यात मला बसवलं होतं. बत्ती गुल झाली की शरदिनीकाकू माझ्या उजेडात पोळ्या लाटायच्या. "ही आहे म्हणून तवा तरी दिसतो," म्हणत पदराने दिव्याची काच पुसायच्या. तेव्हा बरं वाटायचं. आता काहीच वाटत नाही.

माझा चार्जर माझ्यासोबतच आला होता. साडेबारा व्होल्टच्या जरा वर गेलं की मी भरते, तिथे तो थांबायचा. पण तो कचेरीत ठेवला, दहाजणांचे हात लागले, आणि ओवळा ठरला. स्वयंपाक तर सोवळ्यातला. आत खुंटीला जुन्या, शिशाच्या बॅटरीचा चार्जर लटकत होता. तोच मला लावायचा व्यवस्थापकांचा हुकूम झाला. तो चौदाच्याही वर रेटत राहतो.

"साहेब, ही हाताला कढत लागतेय," काकू म्हणाल्या. "हिचा चार्जर आत घेऊ द्या."

"ओवळा आहे तो."

"मग गंगाजल शिंपडा! एवढी माणसं शुद्ध होतात, ही डबी नाही होणार?"

"काकू, पिन बसते ना? मग हो गया. चार्जर तो चार्जर."

"जावयाचा जोडाही माझ्या पायात बसतो. घालून हिंडू? ते राहू द्या, सोवळ्यासाठी वेगळा तरी आणा."

"बघू."

मित्रांनो, पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नसतं. बॅटरी आणि चार्जर, दोन्हींवर व्होल्ट छापलेले असतात, चार्जर लिथियमचा आहे का तेही असतं. ते वाचायचं. माझ्या आत जास्तीची वीज अडवणारी एक छोटी पट्टी होती. रोज अडवून अडवून ती जळली. मी फुगले. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जला लावायची नसते. मला लावलं.

सकाळची वेळ होती. शेजारच्या खोलीत विद्यार्थी पानावर बसले होते. मी धूर सोडला, मग पेटले. माझ्याशेजारी तुपाचे डबे होते. काकूंनी वायर उपटली, दिवा उचलला आणि अंगणात फेकला. वितळलेलं प्लास्टिक त्यांच्या तळव्याला चिकटलं. त्या ओरडल्या. मी ऐकलं, बस्स. सध्या वाळूच्या बादलीत पडून आहे.

काकूंच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. लाटणं धरता येत नाही. "हात बरा झाला की या," म्हणालात तुम्ही, व्यवस्थापकमहाशय, आणि दुसऱ्याच दिवशी नवी बाई ठेवलीत.

आत आता नवा दिवा आहे. त्याच्या जोडीचा चार्जरही आहे, फक्त सोवळ्यासाठी घेतलेला. म्हणजे आणता येत होता. मग काकूंनी मागितला तेव्हा का नाही आणलात? दुर्गाघाटावर त्यांचं घर आहे, चालत जाण्यासारखं. जा, त्यांच्यासमोर बसा आणि उत्तर द्या.