सहा चोवीस

लोकांचं बोलणं चोरून ऐकायचा मला पगार मिळतो. असं म्हटलं की आमच्या मॅडम चिडतात. त्यांच्या मते आम्ही ध्वनिमुद्रणांचं वर्गीकरण करतो. करतो म्हणजे काय, तर हेडफोन लावून दिवसभर खुर्चीत बसतो आणि तक्त्यात खुणा करतो.

संशोधन असं आहे. दिवसभर एकट्याने काम करणारी साठ माणसं निवडली आहेत. महिनाभर त्यांच्या खिशाला काडेपेटीएवढं एक यंत्र लावलेलं असतं. ते सकाळी नऊला आपोआप सुरू होतं, दर बारा मिनिटांनी तीस सेकंद ऐकतं आणि पुन्हा गप्प होतं. शिवाय दर आठवड्याला रक्तदाब, लाळेचा नमुना आणि झोपेची वही. कुणाशी न बोलता दिवस गेला की शरीराचं काय होतं, हे मॅडमना शोधायचं आहे. मला विचारलं असतं तर मी तोंडी सांगितलं असतं. घरी मी एकटी, मुलगी दर रविवारी फोन करते आणि तिचा फोन सात मिनिटांत आटोपतो. पण मला कोण विचारतंय.

आमच्या खोलीत दोन टेबलं. एकावर मी, दुसऱ्यावर बडबडी. हे नाव मीच ठेवलंय, कारण ती दिवसभरात चार शब्द बोलली तरी पुष्कळ. माणसांना इथे नावं नसतात, नंबर असतात. कोण कुठे राहतं हे आम्हाला कळू देत नाहीत. आवाज ओळखीचा निघालाच, तर लगेच मॅडमना सांगायचं, असा नियम आहे.

एक्केचाळीस नंबर माझ्या वाट्याला आला. तुकडे आमच्यापर्यंत आठवड्याने पोचतात. मागे शिलाई मशीनचा आवाज, अधूनमधून कात्री. कपडे दुरुस्त करणारा कुणीतरी, एवढं ताडलं. शहरात असे शंभर असतील. दिवसाला त्याचे सत्तर तुकडे यायचे आणि पासष्ट तुकड्यांत नुसतं मशीन, नाहीतर घरची शांतता. बाकीच्यांत एखादं गिऱ्हाईक, किती झाले, उद्या या. तक्त्यात मी 'एकटा, एकटा, एकटा' करत सुटायची.

पण संध्याकाळी सहा बाराच्या तुकड्यात तो बोलायचा. समोर कुणी नसताना. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, राग मानू नका, तुमच्या कोटाचं बटण सुटायला आलंय." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, तुमच्या कोटाचं वरून दुसरं बटण, दोन मिनिटांत लावून देतो, पैसे नकोत." मग थोडा थांबून स्वतःलाच म्हणाला, "पैशाचं नको काढायला." चौथ्या दिवशी नुसतंच, "ताई, बटण." त्यात तीनदा घसा खाकरला.

मला हसू आवरेना. हेडफोन काढून बडबडीला म्हटलं, "एक्केचाळीस प्रेमात पडलाय बघ. कुण्या ताईच्या बटणावर जीव जडलाय त्याचा." ती गालात हसली आणि पुन्हा कामाला लागली.

पाचव्या दिवसाचा सहा चोवीसचा तुकडा लावला. मशीन थांबलं. कुठेतरी किल्ल्यांचा जुडगा वाजला, त्यात घुंगरू होतं. पावलं आली. त्याने घसा खाकरला. "ताई, आज उशीर झाला?"

"हं," बाई म्हणाली.

मग लिफ्टचं जाळीचं दार आपटलं. दोनदा आपटलं, कारण आमच्या लिफ्टचं दार एकदा आपटून बसत नाही.

मी तुकडा पुन्हा लावला. किल्ल्यांना घुंगरू माझ्या मुलीने बांधलं होतं, पर्समध्ये सापडत नाहीत म्हणून. आणि ते 'हं' माझं होतं. माशी उडवावी तसं म्हटलेलं. कोटाचं वरून दुसरं बटण माझंच होतं, आणि ते या सोमवारीच पडलं होतं. बसमध्ये गर्दीत तुटलं असं धरून मी सगळ्या बसला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

आमच्या इमारतीत जिन्याखाली मास्तरांचं खोपट आहे. एक मशीन, एक स्टूल, दोरीवर लटकवलेले लोकांचे कपडे. दोन वर्षं रोज त्यांच्यासमोरून गेले आणि त्यांचा आवाज मला ओळखता आला नाही. स्वतःचं घुंगरू तेवढं ओळखलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि खूण तर करायची होती. आमच्या नियमपुस्तकात स्पष्ट आहे, नुसता हुंकार म्हणजे संभाषण नव्हे. मी 'संभाषण' या रकान्यात 'नाही' लिहिलं, 'दुसरी व्यक्ती' मध्ये 'अनोळखी' लिहिलं आणि उठून मॅडमकडे गेले.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "बरं झालं सांगितलंत. एक्केचाळीस तुमच्या शेजारच्या टेबलावर देऊन टाका. आणि त्यांचं यंत्र निघेपर्यंत आजवर वागलात तसंच वागा."

"आजवर मी वागलेच कुठे त्यांच्याशी?"

"तसंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही अचानक बोलायला लागलात तर त्यांचा महिना फुकट जाईल. साठ माणसं जमवायला वर्ष लागलंय मला. अडीच आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

दोन दिवस पाळलं. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "आज गारठा आहे, नाही का?" मी "हं" केलं आणि लिफ्टमध्ये शिरले. हे वाक्य त्यांनी सहा बाराला किती वेळा घोळवलं असेल, हे आता मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं "ताई" म्हटलं. मी पुन्हा "हं". वर जाऊन दार लावलं आणि रडले. मी सहसा रडत नाही, चिडते.

तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात हिशेब शिरला. असा हिशेब आमच्या खोलीतल्या माणसालाच सुचेल. यंत्र सहा बाराला ऐकतं, मग सहा चोवीसला. मधली साडेअकरा मिनिटं कुणीच ऐकत नाही. आधीची बस धरली आणि घड्याळात सहा तेरा झाल्यावर जिन्याखाली जाऊन उभी राहिले.

"मास्तर, बटण लावायचं होतं."

मास्तर इतके गडबडले की त्यांची मोजपट्टी खाली पडली. मग त्यांनी मशीनचा खण उघडून कागदाची पुडी काढली. आत माझंच बटण. "सोमवारी लिफ्टपाशी पडलं होतं. द्यायचं म्हणत होतो."

"मग दिलं का नाही?"

"तुम्ही घाईत असता."

मी स्टुलावर बसले. बटण लावायला पाच मिनिटं लागली. सहा चोवीसला मी तोंडात मिठाची गुळणी धरली, मनात तीस आकडे मोजले आणि उठले.

मग रोजचंच झालं. कोटाचं अस्तर, पर्सची चेन, उशीचा अभ्रा. मास्तर बोलायला लागले की छान बोलायचे. इमारतीतल्या सगळ्यांना ते कपड्यांवरून ओळखत. "तिसऱ्या मजल्यावरचे साहेब महिन्याला इंचभर आत घ्यायला सांगतात. बायको नीट खायला घालत नाही की आजारी आहेत, विचारायचं कसं? तुमचा डावा खिसा नेहमी फाटतो, किल्ल्यांनी. ते घुंगरू वाजलं की मी मशीन थांबवतो." बायको गेल्यापासून घरी रेडिओही लावत नाहीत, असं एकदा सांगून गेले. खिशावरचं यंत्रही त्यांनी मला कौतुकाने दाखवलं. "संशोधनाचं आहे. मला निवडलंय. आपला कुणाला उपयोग होईल असं वाटलं नव्हतं." मी मान डोलावली.

माझ्याकडचे फाटके कपडे आठवड्यात संपले. मग मी घरी बसून चांगल्या परकराची शिवण कात्रीने उसवली. मुलीला कळलं असतं तर वेड लागलंय म्हणाली असती. पण त्या साडेअकरा मिनिटांसाठी मी दिवसभर घड्याळ बघत होते, हे खरं आहे. आणि सहा चोवीस झाले की गप्प. मास्तर काहीही बोलत असोत, मी घड्याळाकडे बघायची आणि ओठ मिटायची.

शनिवारी तो परकर घेऊन बसले होते. मास्तर बोलता बोलता सहा चोवीस झाले. मी थांबले. तेही थांबले. सुईत दोरा ओवत, वर न बघता म्हणाले, "ताई, एक विचारू? रोज याच वेळेला तुमचं बोलणं बंद होतं. मी फार बोलतो का?"

मी मान हलवली. त्यांचं लक्ष सुईत, त्यांना दिसलं नाही.

"तसं असेल तर सांगा. माझी बायकोही म्हणायची, तुम्हाला कुठे थांबायचं कळत नाही. मला वाईट नाही वाटणार."

वाईट वाटलेलंच होतं. दोरा नेढ्यात जात नव्हता. अजून वीस सेकंद गप्प बसले असते तर मॅडमचं संशोधन वाचलं असतं.

"नाही हो मास्तर," मी म्हटलं. "तुम्ही बोला. मला बरं वाटतं. दिवसभरात माझ्याशी दुसरं कुणी बोलत नाही." आणि मग थांबलेच नाही. मुलीचं, घराचं, परकर मीच उसवला ते, सगळं सांगत सुटले. परकराचं ऐकून मास्तर मोठ्याने हसले. ते हसणंही यंत्रात गेलं असणार.

सोमवारी ऑफिस उघडताच मॅडमच्या दारात गेले. ते रेकॉर्डिंग बडबडीच्या कानात जायच्या आधी मीच सांगावं, एवढी लाज शिल्लक होती. मॅडम ओरडल्या नाहीत. एक्केचाळीसच्या फाइलवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "तुम्हाला पत्र मिळेल. उद्यापासून हेडफोन नको, कागद लावायचं काम बघा."

संध्याकाळी मास्तर हात मांडीवर ठेवून बसले होते. खिशावर यंत्र नव्हतं.

"घेऊन गेले दुपारी," ते म्हणाले. "तुमचं धरता येणार नाही म्हणाले. कारण सांगत नाहीत. मी रोज नऊच्या आधी लावत होतो, ताई. लाळही वेळेवर दिली. माझ्यात काय खोट निघाली असेल?"

बरं वाटावं म्हणून काहीतरी खोटं सांगता आलं असतं. यंत्र बिघडलं असेल म्हटलं असतं तर त्यांनी लगेच मानलं असतं. पण त्यांचा तो चेहरा बघून तोंडून खोटं निघेना.

"खोट तुमच्यात नाही, माझ्यात निघाली," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. मी कुठे काम करते ते, नंबर ते, सहा चोवीस ते.

ते ऐकत राहिले. मग हळूच विचारलं, "म्हणजे सहा बाराचंही ऐकलंत?"

"ऐकलं."

"बटणाचं?"

"हो."

"तिन्ही दिवसांचं?"

"हो मास्तर."

त्यांचे कान लाल झाले. इतकी कानकोंडी झालेली मोठी माणसं मी फार पाहिली नाहीत. पैशाचं नको काढायला, हे स्वतःशीच म्हटलेलं त्यांना आठवत असणार. त्यांनी दोरीवरचा माझा परकर काढून घडी घातली, माझ्या हातात दिली आणि दिवा मालवला. "बंद करायची वेळ झाली," म्हणाले. अजून साडेसहाही वाजले नव्हते.

पुढचे दोन दिवस खोपट बंद होतं. तिसऱ्या दिवशी बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि म्हणून बघितलं, "मास्तर, राग मानू नका, मी तुमचं बोलणं चोरून ऐकायला नको होतं." फार लांबलं. "मास्तर, चुकले." फार तोकडं. शेजारची बाई माझ्याकडे बघून जरा सरकून बसली. उतरेपर्यंत एक वाक्य ठरवलं आणि गल्लीभर घोळवत आले.

इमारतीत शिरले तर मशीन चालू होतं. पर्समध्ये हात घालून किल्ल्या काढल्या. घुंगरू वाजलं आणि मशीन थांबलं. ते थांबलेलं मी बरोबर ऐकलं, आयुष्यात तेवढं एकच काम मला नीट येतं.

खोपटासमोर उभी राहिले. ठरवलेलं वाक्य पार विसरले.

"मास्तर, आज उशीर झाला?" मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं नाही. सुई कापडात तशीच होती.

"हं," ते म्हणाले.

मागे लिफ्ट येऊन थांबली. मी तिच्याकडे वळले नाही. मास्तर मशीन पुन्हा सुरू करत नाहीत, तोवर मला उभं राहता येणार होतं.